आतल्या पाकिटाला कुंकू

मला इथे मत नव्हतंच. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलीने अमेरिकेच्या अध्यक्षापायी इतकं रक्त आटवू नये, असं काकू म्हणायच्या. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. त्या मूळच्या नागपूरच्या, अर्धं आयुष्य इथे काढलेल्या. काका गेल्यावर त्यांनी नागरिकत्व घेतलं. अध्यक्षपदासाठी मत देण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

मी वाढले ती पत्रकांत. बाबा कामगार संघटनेचे. जेवताना ताटाशेजारी गठ्ठे असायचे आणि वाचायला मी 'कामगार बंधू-भगिनींनो' या ओळीवरून शिकले. त्यामुळे उन्हाळ्यात माझ्या बाजूचा उमेदवार ठरला तेव्हा गप्प बसणं मला जमलं नाही. मत देता येत नसलं तरी प्रचारात फुकट राबायला बंदी नव्हती. लॅबमधून सुटले की मी दारं ठोठावत फिरायचे. काकू तेव्हा काठावर होत्या. "सगळे सारखेच गं," म्हणायच्या. गुडघ्यांमुळे त्यांना रांगेत उभं राहवत नाही, म्हणून पोस्टाने मतपत्रिका मागवायला मीच लावलं.

मग ऑगस्टमध्ये उमेदवाराने उपाध्यक्षपदासाठी आपला जोडीदार निवडला, आणि आमच्या घरात सगळं उलटंपालटं झालं.

तो एका राज्याचा गव्हर्नर होता. पहिल्याच भाषणात तो आपल्या अंथरुणावरच्या आईबद्दल बोलला. मी तिला स्वतःच्या हाताने भरवतो, म्हणाला, आणि पुढचं बोलता येईना म्हणून थांबला. काकूंनी टीव्हीचा आवाज वाढवला. "हा माणूस खरा आहे," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांचं ठरलं. नेपरव्हिलला राहणाऱ्या आपल्या मुलीला फोन करून करून त्यांनी भंडावून सोडलं. "आई, इट्स जस्ट द व्हीपी," मुलगी म्हणाली. "जस्ट कशाला? माणूस आहे तो," काकूंनी सुनावलं.

मला त्याचं दुसरं काही माहीत होतं. आजारी म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये राबणाऱ्या बायकांचा संप त्याने मोडला होता. एकेकीच्या गळ्यात इतकी माणसं बांधू नका, एवढीच त्यांची मागणी होती. त्याने बाहेरून बदली कामगार आणले आणि पुढाऱ्यांना घरी बसवलं. मी प्रचार सोडला. मराठीत एक पानभर लिहिलं आणि फ्रिजवर लावलं. काका शेवटचे काही महिने अशाच एका केअर होममध्ये होते. म्हणून शेवटची ओळ लिहिली: 'काकांना आंघोळ कोण घालत होतं?'

काकूंनी ते उभ्याने वाचलं. "अक्षर छान आहे तुझं," म्हणाल्या. मग कितीतरी दिवस आमच्यात फक्त कचरा कधी बाहेर ठेवायचा एवढंच बोलणं झालं.

दसऱ्याला त्यांनी मला वर बोलावलं. देवासमोर गाडीची किल्ली, लॅपटॉप, शिवणाची कात्री आणि माझी प्रबंधाची वही मांडली होती. शेजारी मतपत्रिकेचं पाकीट.

"हेही शस्त्रच की," काकू म्हणाल्या. "तूच म्हणायचीस."

पाकिटं दोन असतात. मतपत्रिका आतल्या कोऱ्या पाकिटात, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात. बाहेरचं अजून उघडं होतं. त्यांनी आतलं काढून दाखवलं. त्यावर हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक.

"बाहेर बारकोड आहे ना, मशीनला त्रास नको. म्हणून आत लावलं."

सूचना मी त्यांना स्वतः वाचून दाखवल्या होत्या. आतल्या पाकिटावर कसलीही खूण नको. खूण दिसली तर मत बाद होऊ शकतं. मी त्या दोन बोटांकडे पाहत राहिले. बोलले नसते तर त्या माणसाचं एक मत गेलं असतं, आणि पेनसिल्व्हेनियात त्या वर्षी एकेका मतासाठी दोन्ही पक्ष जीव टाकत होते. ज्यांच्या मताला कुणी विचारत नाही त्यांच्यासाठी बाबा भांडले, आणि मी एका बाईचं मत आपट्याच्या पानांसारखं देवापुढे सुकू देणार होते.

"काकू, हे बाद करतील," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काउंटीच्या निवडणूक ऑफिसला जायचं ठरलं. "ड्राइव्ह तू कर," त्या म्हणाल्या, "पण वाटेत भाषण नको." मी बोलले नाही. डोंगरावरची झाडं लाल झाली होती, त्यावरसुद्धा नाही.

खिडकीतल्या मुलाने पाकीट उजेडात धरलं. "इज धिस ब्लड?"

"नो, नो. ब्लेसिंग," काकू म्हणाल्या.

तो हसला नाही. वेळेत आलात हे बरं केलंत, म्हणाला. जुनी मतपत्रिका रद्द केली, नवी छापून दिली. काकू कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या. मी मुद्दाम पाठ फिरवून दाराशी उभी राहिले. एक गोल काळा करायला लागावा त्याहून फार वेळ त्यांना लागला. माझ्या मनात नको ती आशा आली.

गाडीत बसल्यावर पट्टा लावता लावता त्या म्हणाल्या, "त्यालाच दिलं."

मी किल्ली फिरवली.

"दसऱ्याच्या आधी घरी दिलं तेव्हा सण असल्यासारखं वाटलं होतं. आज ती बाई आठवली. काकांना सकाळी आंघोळीला उचलून न्यायची ती, बाहेरच्या देशातून आलेली. तिचं नावसुद्धा मी कधी विचारलं नाही." त्या समोर बघत होत्या. "तरी त्यालाच दिलं. पलीकडच्या पक्षाचा तर तिला देशातूनच हाकलेल."

मला त्यांचं मत बदलायचं होतं. मत होतं तिथेच राहिलं. त्यातला आनंद तेवढा माझ्या कागदाने नेला.

"हा का नको, ते झकास लिहिलंस," काकू म्हणाल्या. "मग कुणाला देऊ, ते कुठे लिहिलंस?"

पार्किंगच्या तोंडाशी मागून कुणीतरी हॉर्न दिला. रस्ता मोकळा असूनही मी गाडी तशीच थांबवून ठेवली होती.