दोन दुर्बिणी आणि माझे दोनशे दहा रुपये

माझं अक्षर वाईट आहे. चौथीत शाळा सुटली तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ जिथल्या तिथे राहिलं, आणि पुढे हातात पेन्सिल आली ती वाण्याची यादी लिहिण्यापुरती. ही वही कोणी वाचावी म्हणून मी लिहीत नाही. तरी कोणाच्या हाती लागलीच, तर चुका पोटात घाला. राग मात्र घालू नका. तो मी मुद्दाम ठेवला आहे.

आम्ही मुलुंडला बैठ्या चाळीत राहत होतो. शेजारची खोली थोरल्या भावोजींची. ते लष्करातून पेन्शन घेऊन आलेले, लढाई बघितलेले, आणि त्यांच्याकडे परवान्याची रायफल होती. चाळीमागे नाहूरच्या बाजूला भातशेती होती आणि तिथे डोंगरातून रानडुकरं उतरत. एका रात्रीत अर्धं शेत उलथून टाकत. शेतवाले भावोजींना एका डुकरामागे पंधरा रुपये देत.

डुक्कर माणसाला जवळ येऊ देत नाही. वास लागला की गेलं. म्हणून भावोजी डोंगराच्या कडेला बसून दोनशे-अडीचशे पावलांवरून मारत. पूर्वी मारत, असं म्हणायला हवं. त्या वर्षी त्यांच्या चार गोळ्या ओळीने फुकट गेल्या आणि शेतवाले कुजबुजू लागले. भावोजींनी जाहीर केलं, की रायफलीवर दुर्बीण बसवायला हवी, डुकरं हल्ली लांबूनच पळतात.

डुकरं होती तिथेच होती. भावोजींना चाळिशी लागली होती. पेपर वाचताना त्यांचा हात भिंतीला टेकायचा तेवढा बाकी राहिला होता, मग रायफलीवरची नेमाची खूण कुठून दिसणार?

मला हे कळत होतं, कारण काच हे माझं काम होतं. घाटकोपरचा एक चष्मेवाला मला घरी काचा द्यायचा. त्या फ्रेमच्या मापाला दगडी चाकावर घासून द्यायच्या. जोडीला दोन आणे. चाक त्याचं, म्हणून त्यातला अर्धा आणा तो भाड्याचा कापून घ्यायचा. चाकावर पाणी ठिबकवत बसलं की बोटांची टोकं फाटतात आणि मीठ लागलं की जीव जातो. पण त्या कामात मला काचेतून बघायची सवय लागली. कोणती काच उजेड खाते, कोणती डोळ्यापासून किती लांब धरल्यावर नीट दिसतं, हे मला न मोजता कळायचं. चार वर्षांत मी डब्यात दोनशे चौदा रुपये साठवले होते. चष्मेवाला एक जुनं, पायाने फिरवायचं चाक दोनशेला विकायला तयार होता. ते घेतलं की अर्धा आणा वाचणार होता आणि दुसऱ्या कोणाचंही काम मला घेता येणार होतं.

एके दिवशी हे कामावरून आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "दादाला सांगून टाकलं मी. दुर्बिणीचे पैसे तुझ्या डब्यातले देऊ म्हटलं."

"मला न विचारता?"

"अगं, दादा आहे तो. परका आहे का? दिवाळीपर्यंत देतो म्हणालाय."

आता लिहिताना माझे दात आवळले जातात, पण तेव्हा मी उठून भांडी घासायला घेतली. मी लाजरी होते. चार माणसांत माझा आवाजच फुटत नसे. आणि थोरल्या दिरांशी तर लग्न झाल्यापासून नऊ वर्षांत मी एक शब्द थेट बोलले नव्हते. तशी आमच्याकडे रीतच होती. जाऊबाई समोर असल्या तर त्यांना ऐकवायचं, "जेवायला वाढलंय म्हणावं." त्या नसल्या तर दाराला ऐकवायचं.

डबा मात्र मी सोडला नाही. पैसे मी माझ्या हाताने देईन म्हटलं. म्हणून मला दुकानात नेलं.

दुकान फोर्टात होतं. काचेच्या कपाटात बंदुका ओळीने उभ्या. दुकानदाराने कापडावर दोन दुर्बिणी ठेवल्या. एक जुनी, लष्करातून निघालेली, काळा रंग खरवडलेला, वरवंट्यासारखी जड. ती एकशेसत्तरची. दुसरी नवीकोरी, निळसर चकाकणारी, हलकी. दोनशे दहा.

"ही जुनी चौपट जवळ आणते," दुकानदार म्हणाला, "आणि ही दहापट. आता तुम्हीच बघा साहेब."

साहेब म्हटल्यावर भावोजींची छाती पुढे आली. नवी दुर्बीण घेऊन ते दारात गेले. भर दुपार होती. समोर लांब एका मनोऱ्यावर घड्याळ होतं.

"अरे, मिनिटकाटा दिसतो!" ते ओरडले. "काट्यावर बसलेलं कबुतर दिसतं!"

हेही धावले. "बघू, बघू रे दादा!"

दोघे आळीपाळीने कबुतर बघत होते. डुक्कर काय भर दुपारी घड्याळावर येऊन बसणार होतं? ते येतं दिवेलागणीला, बांधाच्या सावलीतून. मी पाठमोऱ्या दुकानदाराकडे बघितलं आणि जुनी दुर्बीण उचलली. कपाटाखाली अंधारात काडतुसांची खोकी होती. त्यांच्यावर रोखली. खोक्यावरची अक्षरं दिसली. इंग्रजी होती, वाचता आली नाहीत, पण एकेक सुटं दिसत होतं. आणि डोळा काचेपासून चांगला चार बोटं लांब असूनही चित्र पुरं गोल दिसत होतं.

भावोजींनी नवी खाली ठेवली तशी तीही मी त्याच कोपऱ्यावर धरली. नुसता काळोख. जरा उजेडाकडे वळवली तर मध्ये टिकलीएवढं चित्र आणि भोवती काळं. चित्र पुरं दिसायला डोळा काचेला जवळजवळ टेकवावा लागत होता. मघाशी भावोजींनी तसाच टेकवला होता.

रायफल मागे लाथ मारते हे मला ठाऊक होतं. भावोजींचा खांदा काळानिळा झाला की जाऊबाई मीठ गरम करून शेकायच्या. खांद्याला एवढं बसतं, तर काचेला टेकलेल्या डोळ्याचं काय होणार?

मी ह्यांची बाही ओढली. "ती नको. जुनी घ्या म्हणावं. तिच्यात डोळा लांब राहतो. हिच्यात डोळा फुटेल."

"घरी बोल," हे दातांतल्या दातांत म्हणाले.

"घरी जाऊन काय उपयोग?"

"लोक बघतायत. घरी बोल."

दुकानदार हसला. "बाईसाहेबांचं काय म्हणणं आहे?"

"काही नाही," हे म्हणाले. "उशीर होतोय म्हणते."

मी कमरेची पिशवी सोडली आणि दोनशे दहा रुपये मोजून दिले. माझ्याच हाताने. एवढं होऊनही मी गप्प राहिले, याचा राग मला अजून आहे, आणि तो माझ्यावरच आहे.

भावोजींनी दुर्बीण रायफलीवर चढवून घेतली आणि पहिल्याच संध्याकाळी डोंगराच्या कडेला गेले. गोळीचा आवाज एकदाच आला. मग ते परत आले ते कपाळावर रुमाल दाबून. रुमाल भिजला होता.

"फांदी लागली," ते म्हणाले.

जाऊबाईंनी हळद दाबली. मी कंदील धरून उभी होते. भुवईवर गोल, अर्ध्या चंद्रासारखी चीर होती, कपाने कणीक कापावी तशी. फांद्या गोल नसतात. पण डोळा वाचला होता, म्हणून मी देवाला हात जोडले. डुक्कर अर्थातच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भावोजी पडवीत पट्टी बांधून बसलेले आणि चाळीतली चार माणसं विचारपूस करायला जमलेली. मी आत चाकावर बसले होते.

"धाकटीनं दुकानातच अभद्र बोलून ठेवलं होतं," भावोजी सांगत होते. "डोळा फुटेल म्हणाली. बाईमाणसानं असं तोंडातून काढल्यावर काय होणार?"

म्हणजे ह्यांनी त्यांना सांगितलं होतं. दुकानात माझा शब्द पुढे न्यायला लाज वाटली, पण नंतर गंमत म्हणून सांगताना वाटली नाही. मी दारातून बघितलं. हे तिथेच बसले होते, पेपरात डोकं घालून.

मी चाक थांबवलं. हात पुसायचंही सुचलं नाही. तशीच बाहेर आले.

"भावोजी," मी म्हटलं.

नऊ वर्षांत मी त्यांना मारलेली ही पहिली हाक.

"तुम्हाला जीभ नाही लागली, काच लागली. माझं बोलणं अभद्र नव्हतं. मी काच बघून बोलले होते. तुम्ही घड्याळ बघून घेतलीत."

"काय गो," जाऊबाई आतून धावत आल्या, "तुका काय कळता त्यातला?"

"तेवढंच कळतं मला, जाऊबाई. चार वर्षं तेच करते. भावोजी, तुम्हाला चाळिशी लागलीय. सगळ्या चाळीला दिसतंय. एक चष्मा नाकावर ठेवायची लाज वाटली, म्हणून दहापट दुर्बीण घेतलीत, तीही माझ्या पैशाने. माझे दोनशे दहा रुपये परत द्या."

कोणीतरी फिसकन हसलं. हे उठले. "आत चल. चल म्हणतो ना."

"घरी बोल म्हणाला होतात ना? हे घरच आहे," मी म्हटलं, आणि पुन्हा चाकावर जाऊन बसले.

चष्मेवाल्याचं पायाचं चाक त्याच आठवड्यात कुर्ल्याच्या माणसाने नेलं. चष्मेवाल्यानेच येऊन सांगितलं आणि वर म्हणाला, "बाई, तुम्ही घ्याल म्हणून मी किती दिवस थांबू?" त्याचं काय चुकलं?

मग एके दुपारी जाऊबाई आल्या, उंबऱ्यावर बसल्या आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, "ते इचारतत, खंयची घेवची?"

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "तीच जुनी. पण मी येणार, आणि जे पैसे परत मिळतील ते माझ्या हातात."

फोर्टातल्या दुकानदाराने आधी परत घ्यायला नकार दिला. मग भावोजींची भुवई बघितली आणि नवी मागे घेतली. जुनी विकत घेण्यापूर्वी आता मी ती नीट बघितली. कपाटाखालच्या अंधारात पुन्हा रोखली, हलवून आतून काही वाजतं का ऐकलं, नेम जुळवायला फिरवायचे स्क्रू घट्ट आहेत का बघितलं.

"बाईसाहेब शिकार करतात वाटतं?" दुकानदार म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "पैसे मोजते."

फरकाचे चाळीस रुपये त्याने भावोजींसमोर धरले. मी मध्ये हात घातला आणि घेतले.

राहिले एकशेसत्तर. एका डुकराचे पंधरा आले की त्यातले दहा माझे, असं ठरलं. म्हणजे सतरा डुकरं. ती जुनी दुर्बीण खरोखर चांगली निघाली. एकदा बांधावरून रायफलीसकट चिखलात पडली, धुऊन पुसून दुसऱ्या दिवशी तिचा नेम होता तिथेच. भावोजी शेतवाल्यांना सांगत, "लष्करी माल आहे, पारखून घेतलाय मी." ‘मी’ म्हणे! मला ते आतल्या खोलीत ऐकू यायचं.

दोन हिवाळे गेले. एकेक डुकराचे दहा रुपये जाऊबाई आणून देत आणि सोबत मटणाचा वाटा. वाटा मी घेत होते, खोटं कशाला सांगू? सोळा झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "ते म्हणतत, इतक्या डुकरांचो वाटो खाल्लंस, आता ऱ्हवलेले धा सोडून दी."

हेही लगेच म्हणाले, "दहाच तर आहेत. सोड गं."

"दहा म्हणजे शंभरावर जोड्या," मी म्हटलं. "तुम्ही बसा चाकावर. शंभर घासा, मग सोडते."

हे बाहेर निघून गेले. त्या महिन्यात मटण आलं ते मी ताटासकट परत पाठवलं. पुढच्या महिन्यातही. चाळीत मला चिकट म्हणू लागले. म्हणोत. त्या दहा रुपयांसाठी माझी जेवढी नाचक्की झाली, तेवढी दोनशे बुडवणाऱ्याची झाली नव्हती.

शेवटी पेन्शनच्या दिवशी भावोजी स्वतः आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाच-पाचच्या दोन नोटा पाटावर ठेवल्या आणि वळले.

"थांबा," मी म्हटलं. दोन्ही नोटा उजेडात धरून बघितल्या, आतल्या दोनशेवर ठेवल्या आणि त्यांच्यासमोर पहिल्यापासून सगळे मोजले. त्यांना उभं राहावं लागलं.

दोनशे दहा. पुरे झाले.