पप्पांचं व्हायोलिन शोधताना

आमच्या चर्चच्या क्वायरने स्वतःच्या गीतांची सीडी काढली, त्या वर्षी आमच्या वटार गावात घरोघरी प्लेअर आले. आमच्याकडेही आला. वसई स्टेशनजवळच्या दुकानातला, कुठल्याशा अनोळखी कंपनीचा, दुकानात होता त्यातला सगळ्यात स्वस्त. पप्पा क्वायरमध्ये दुसरं व्हायोलिन वाजवत. रेकॉर्डिंग चर्चमध्येच झालं होतं, आणि आपण कसे वाजलो ते ऐकायला ते इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले होते.

सीडी सुरू झाली आणि टिनाच्या डब्यात कोंडून कुणी गातंय असं वाटलं. पहिलं व्हायोलिन डास गुणगुणावा तसं ऐकू येत होतं. दुसरं कुठेच नव्हतं. पप्पांनी चार गीतं ऐकली.

"मी आहे कुठे यात?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच "असू दे," म्हणाले आणि मागे केळींना पाणी सोडायला निघून गेले.

मला मात्र ते असू देणं जमेना. मी नुकतीच वसई पूर्वेला, मोजमापाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागले होते. दिवसभर हातात सोल्डरिंग आयर्न असायची. सीडीवर पप्पा असणारच, याची मला खात्री होती. माइकने पकडलं ते आकड्यांच्या रूपात तिथे कोरलेलं असतं, आणि ते आकडे आमचा प्लेअरही नीट वाचत असणार. मग पप्पा हरवतात ते वाचल्यानंतर, बाहेर येण्याच्या वाटेवर. त्यांना वाटेत गाठायचं होतं.

मी प्लेअरचं झाकण उघडलं तेव्हा मम्मी किचनमधून बाहेर आली.

"चालू वस्तू कशाला उघडतेस गं?"

"चालू आहे, पण गात नाही."

आत निम्मी जागा रिकामीच होती! आवाज बाहेर सोडणारी आयसी अगदी साधी, आणि तिच्या पुढचे कपॅसिटर इतके लहान की जाड, खालचे सूर त्यांच्यातून पार पडणंच कठीण. मला हसूही आलं आणि आनंदही झाला. रोग सापडला होता, आणि औषध लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळणारं होतं. शनिवारी मुंबईला जाऊन मी चांगली आयसी आणि मोठे कपॅसिटर आणले. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून जुने भाग उपटले, नवे बसवले. इअरफोन लावले, तर नुसतीच घूंऽऽ! दुपारभर त्या घूंच्या मागे लागले. शेवटी कळलं की आवाजाची वायर ट्रान्सफॉर्मरला अगदी चिकटून गेली होती. ती उचलून दुसऱ्या कडेने नेली, आणि घूं एकदम थांबली.

त्या शांततेत पहिलं गीत सुरू झालं. गाण्याआधी सगळ्यांनी मिळून घेतलेला श्वास मला ऐकू आला. अंगावर सर्रकन काटा आला. मग पहिलं व्हायोलिन, आणि त्याच्या जरा खालून, जरा घोगरं, दुसरं.

मी ओरडतच मागे धावले. "पप्पा, सापडलात!"

मातीने माखलेले हात तसेच घेऊन ते आले. मीच त्यांच्या कानांत इअरफोन घातले. त्यांच्या डाव्या हाताची बोटं हलत राहिली. मग इअरफोन काढून म्हणाले, "हे सगळ्या घराला ऐकू यायला पाहिजे."

आता ते माझ्यापेक्षा जास्त पेटले. मी अ‍ॅम्प्लिफायरचं किट आणून जोडलं. स्पीकरची खोकी त्यांनी गावातल्या सुताराच्या शेजारी बसून करून घेतली. प्रत्येक फळीवर बोटाने टकटक करून, कान लावून, "ही बोलते, ही मुकी आहे," असं ठरवत होते. खोक्याचा आवाज आत घुमू नये म्हणून कापूस भरायचा होता. मम्मीला न विचारता त्यांनी एक उशी फाडली. मम्मीला ते कळलं तेव्हा खोकी खिळे ठोकून बंद झालेली होती.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली, जेवणं झाली, आणि आम्ही तिघं बसलो. आवाज सुरू झाला तसं आमचं छोटंसं घर मोठं झाल्यासारखं वाटलं. ऑर्गन जमिनीतून येत होता. बायकांचे आवाज डावीकडे, पुरुषांचे उजवीकडे. आणि उजव्या कडेला, अगदी त्यांच्या रोजच्या जागेवर, पप्पा. मी टाळ्याच वाजवल्या.

"थांब," मम्मी म्हणाली. "हे धप धप काय?"

खरंच, प्रत्येक गीतात खालून काहीतरी ठोके देत होतं.

"ढोलक असेल," पप्पा म्हणाले.

"रेकॉर्डिंगला ढोलक कुठे होता?"

पप्पा छताकडे बघायला लागले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. क्वायर चर्चच्या माळ्यावर उभी राहते, लाकडी फळ्यांवर. आमचे क्वायरमास्तर कित्येक वर्षं पप्पांना सांगत होते की वाजवताना पाय आपटू नका. आणि पप्पा कित्येक वर्षं सांगत होते की तो मी नव्हे, ऑर्गनचं पेडल. आता मोठे कपॅसिटर आणि मोठे स्पीकर मिळून त्यांचा पाय घरभर आपटत होता.

मम्मीला हसून हसून ठसका लागला. पप्पा क्षणभर गोरेमोरे झाले, मग स्वतःच हसत सुटले. "मास्तरांना आणतो," म्हणाले आणि स्कूटर काढली. "दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे."

मास्तर आले, चहा बाजूला ठेवून डोळे मिटून बसले. दोन गीतांपर्यंत चेहरा तसाच. आता पप्पांची खरडपट्टी निघणार म्हणून मी श्वास रोखून होते. तिसऱ्या गीताच्या मध्यावर त्यांनी हात वर केला.

"हे परत लाव."

मी परत लावलं.

"ऐकलंत? इथे पाय थांबला."

"तिथे मी पान उलटलं," पप्पा हळूच म्हणाले.

"आणि पाय थांबला तशी सगळी क्वायर सैल पडली. पाय आला, पुन्हा एकत्र आली." मास्तरांनी डोळे उघडले. "म्हणजे इतकी वर्षं मी हात हलवतोय, आणि ही मंडळी तुमच्या पायाबरोबर गातायत!"

पप्पा उठले आणि कारण नसताना स्पीकरवरची धूळ पुसायला लागले. मास्तर मात्र ऐकतच राहिले. पूर्ण सीडी झाली, मग पुन्हा पहिल्यापासून. अल्टो, म्हणजे खालचा सूर, गाणाऱ्या बायका एका ठिकाणी शब्द चुकल्या होत्या, तेही त्यांना सापडलं. ते इतके खूश झाले की मम्मीला बोलावून ती जागा दोनदा ऐकवली. निघताना दारात चपला घालता घालता त्यांनी मला विचारलं, "आमचाही प्लेअर त्याच स्टेशनजवळच्या दुकानातला आहे. उघडशील?"

दुसऱ्याच संध्याकाळी तो कापडी पिशवीत घालून ते दारात हजर होते, आणि त्यांच्या मागे पहिलं व्हायोलिन वाजवणारे काका, आपला प्लेअर काखेत मारून.