नस तुटली नव्हती

"टेंडन कट झालंय," जालन्याचे डॉक्टर म्हणाले. माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं ताठ उभी होती, साहेब आल्यावर शिपाई उभा राहतो तशी.

"नस म्हणता का साहेब? न्हाई तुटली. रक्त तवाच थांबल्तं."

"रक्ताची नस वेगळी. टेंडन म्हणजे बोट वाकवणारी दोरी. तुटली की आखडून तळहातात मागं जाते. त्याच दिवशी का नाही आलात?"

शेजारी उभा असलेला माझा मेहुणा रंगनाथ भिंतीकडं बघू लागला. अंबडला त्याच्याच मटणाच्या दुकानात मी बकरं सोलत होतो. चरबीनं सुरीची मूठ बुळबुळीत झालेली. हात मुठीवरून सरळ पात्यावर घसरला. रंगनाथनं जखमेवर हळद दाबली. रक्त थांबलं तसा म्हणाला, "नस शाबूत हाय, दाजी. नाटकं करू नका."

आमच्याकडं शीर काय, दोरी काय, सगळी नसच. मलाही पटलं. बकऱ्याच्या पायातली ती पांढरी दोरी जन्मभर कापली, पण आपल्या हातातही तीच असते, हे काही डोक्यात आलं न्हाई.

ऑपरेशनच्या आधी बाहेरच्या बाकावर रंगनाथची अन् माझ्या बायकोची, भाऊ-बहिणीची जुंपली.

"बकरं सोलता सोलता सोताला सोलून घेतलं दाजीनं. त्याला मी काय करू?"

"तुझी हळद तुझ्या डोक्यावर चोळ," बायको म्हणाली.

मंग हाताला स्प्लिंट लागलं. स्प्लिंट म्हणजे बोटं हलू नयेत म्हणून बांधलेला आधार. ते निघाल्यावर व्यायाम. बोटं वाकवताना मी बकऱ्यापेक्षा जास्त ओरडायचो. शेवटी डॉक्टर म्हणाले, "एवढंच वाकणार. सुरी धरू नका."

रंगनाथनं माझी जागा दुसऱ्याला दिली. मला कागदात मटण बांधायला बसवलं, अन् गिऱ्हाइकांदेखत टोमणे चालूच ठेवले. मीही गप्प बसायचो न्हाई.

एके दिवशी खिमा करताना त्याच्याच अंगठ्याच्या बुडाशी सुरी लागली. फडकं दाबून तो म्हणाला, "थांबलं रक्त."

"रक्त ऱ्हाऊ द्या. अंगठा वाकवून दाखवा."

"डॉक्टर झालात का दाजी?"

"वाकवा म्हणतो ना. न्हाई वाकला तर आत्ताच जालन्याला."

तुमच्यापैकी कुणाचा हात असा कापला, तर एवढंच करा: रक्त बघत बसू नका, एकेक बोट वाकवून बघा.

रंगनाथनं चिडून अंगठा माझ्या नाकासमोर नाचवला. बराबर वाकत होता. कुणी ठेंगा दाखवला अन् मला बरं वाटलं, असं तेवढं एकदाच झालं.