ढालवाल्याचा हेवा

बायको परपुरुषाशी गोड बोलते, हे दुःख निदान कुणापाशी तरी सांगता येतं. ऐकणारा हळहळतो, दोन शहाणपणाच्या गोष्टी सुनावतो आणि घरी जाऊन आपल्या बायकोला तिखटमीठ लावून सांगतो. पण तो परपुरुष टीव्हीत राहत असेल, अंगात लोखंडी कड्यांचा सदरा घालत असेल आणि मुळात तो कुणी नसेलच, तर माणसाने तोंड कुठे उघडायचं? तुफानची पंचाईत ही होती.

तुफान हे त्याला बरोबरच्या मेकॅनिकांनी दिलेलं नाव. एकोणतीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. कुठेतरी दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकायची, आतला माणूस दार बडवायचा, फोन वाजायचा आणि हा हत्यारांची पेटी घेऊन सुटायचा. त्यामुळे त्याची चालच तशी झाली. सुट्टीच्या दिवशी भाजीला निघाला तरी टोमॅटो दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेत अशा घाईने जायचा. बायको पिशव्या घेऊन दहाबारा पावलं मागे. तो मागे न बघता सगळा रस्ता बोलत राहायचा आणि ती ऐकते आहे असं धरून चालायचा.

गेल्या वर्षी पाइप टाकायला फूटपाथ खणला होता, तिथे ती पडली. हा वरच्या मजल्यावरच्यांच्या गळक्या बाथरूमविषयी बोलत होता. दुकान आलं तेव्हा त्याने नेहमीप्रमाणे हात मागे करून "पिशवी दे" म्हटलं. पिशवी काही हातात येईना. दुकानदाराने त्या लोंबत्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाला मागताय?" मग मात्र तो धावत सुटला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. ती एका अनोळखी बाईच्या आधाराने पायरीवर बसली होती. उजवं मनगट मोडलं होतं.

डॉक्टरांनी तिला विचारलं, "कशा पडलात?"

"बघून चालत नाही हो ही," तुफानने सांगून टाकलं.

प्लास्टर निघालं तेव्हा बोटं आखडलेली. ती लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर काम करायची, बोटांशिवाय तिचं अडलेलंच. फिजिओथेरपीवालीने दाबायला स्पंजचा चेंडू दिला. तो तिने चार दिवस दाबला आणि पाचव्या दिवशी कपाटाच्या हलणाऱ्या पायाखाली सारला. मग परगावी नोकरी करणारी लेक आली आणि येताना आपलं व्हिडिओ गेमचं यंत्र घेऊन आली. "आई, यात दोन्ही अंगठे सारखे हलवावे लागतात. व्यायामच आहे हा."

खेळ राजेरजवाड्यांच्या काळातला. दगडी गढ्या, चिखलाचे रस्ते, घोडे, दरोडेखोर. सुरुवातीलाच खेळाने विचारलं, तुम्ही पुरुष होणार की बाई?

"बाई," ती म्हणाली. "पुरुष घरात एक आहे, तेवढा पुरे."

मायलेकी पोट धरून हसल्या. तुफान पेपर वाचत होता, त्यालाही हसू आलं. तेव्हा त्याला हसायला काय जात होतं!

तिने एक उंच, रुंद खांद्यांची बाई तयार केली. तिला तलवार दिली आणि कपड्यांच्या यादीतून शोधून शोधून, बिलकूल चुरगळत नाही असा चामड्याचा कोट दिला. जन्मभर दुसऱ्यांच्या कोटांना इस्त्री करणाऱ्या बाईची आवड ती. पुढे ती कामावर रुजू झाली, बोटं सुधारली, तरी खेळ काही सुटला नाही. साडेचारला घरी यायची, चहा घ्यायची आणि पाच ते सहा तलवार घेऊन हिंडायची.

खेळाच्या दुसऱ्याच आठवड्यात तो ढालवाला उगवला. कुठल्याशा पुलापलीकडच्या गिरणीत तो बसलेला होता, तिने चार शब्द विचारले आणि हा पाठीवर ढाल टाकून निघाला तिच्याबरोबर. तेव्हापासून घरात नवंच ऐकू येऊ लागलं. "थांब रे जरा." "लागलं का रे?" "जा, तू विस्तवाजवळ बस." ओढा ओलांडून तो मागून आला, की ती पडद्याकडे बघून म्हणायची, "आलास? शाब्बास!"

तुफानच्या कानाला हे झोंबायचं. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्याच्या वाट्याला "अहो, गॅस संपलाय" आणि "अहो, पाय पुसा" एवढंच आलं होतं. शाब्बास म्हणून कधी आलं नव्हतं. पूर्वी एकदा त्याने अकरा माणसं भरलेली लिफ्ट वीस मिनिटांत सोडवली होती, तेव्हासुद्धा नाही.

"काय करतो काय तो एवढं?" एकदा न राहवून त्याने विचारलं.

"काही नाही. बरोबर असतो."

"आणि खातो काय?"

"तेच तर. काही मागत नाही बिचारा."

या 'बिचारा'ने तुफानच्या अंगाचा तिळपापड झाला. हा रोज पहाटे उठून डबा घेऊन कामाला जाणारा माणूस बिचारा नाही आणि तो शेकोटीपाशी बसून राहणारा बिचारा! त्या दिवसापासून तो पाचच्या सुमाराला मुद्दाम टीव्हीसमोरून जायचा, खिडकी उघडायचा, खिडकी लावायचा. ती मान वाकडी करून त्याच्या काखेखालून पडदा बघायची. शेवटी त्याने ठरवलं, की याचा काटा काढायचा.

त्या महिन्यात त्याची पहिली पाळी होती, सहा ते दोन. अडीचला तो घरी यायचा, ती साडेचारला. मधले दोन तास घर मोकळं. हात धुऊन, दाराला कडी घालून तो टीव्हीसमोर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा बाई झाला.

बाई होणं त्याला जमेना. पहिल्याप्रथम तो घोड्यांच्या पाण्याच्या टाकीत पडला. बाहेर निघाला तर लोकांनी घेरलं. भाजीवाली म्हणाली, "एकटीच का गं?" गढीच्या पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. "काय काम आहे?" तो त्या बाईला विचारतच नव्हता, तिच्या डोक्यावरून मागे, ढालवाल्याकडे बघत होता.

"अरे, मी बोलतोय ना!" तुफान टीव्हीवर ओरडला.

ढालवाला शांतपणे पुढे आला. "त्यांचं काम आहे," तो पहारेकऱ्याला म्हणाला. "त्यांनाच विचारा."

तुफानला दवाखाना आठवला. मग त्याला ढालवाल्याचा आधीपेक्षा दुप्पट राग आला.

आधी त्याने त्याला मागे टाकायचं बघितलं. त्याने बाईला पळवलं, ढालवालाही पळाला. हळू चालवलं, तोही हळू झाला. मधेच गपकन थांबवलं. ढालवाला तिच्या खांद्याला खांदा लावून थांबला, एक वीतभर पुढे नाही की मागे नाही. तुफानच्या धंद्यात याला फार किंमत. लिफ्टची जमीन आणि मजल्याची जमीन एका पातळीत आली पाहिजे, बोटभर वरखाली झाली तरी म्हातारं माणूस अडखळतं. त्याने आयुष्यभर ते बोटभर अंतर काढत घालवलं होतं. त्याने ढालवाल्याला वीस वेळा थांबवून पाहिलं आणि वीसही वेळा चूक सापडली नाही. लिफ्ट असती तर त्याने तिच्या मालकाला बोलावून दाखवली असती. हा माणूस होता आणि बायकोच्या शेजारी चालत होता, म्हणून त्याच्या पोटात दुखू लागलं.

मग त्याने बाईला मुद्दाम लांडग्यांच्या रानात नेलं. लांडगे आले तसा ढालवाला तिच्या पुढे झाला. तेवढ्याच वेळी तो पुढे झाला, एरवी कधी नाही. त्याला दोनचार चावे बसले, तो गुडघ्यावर आला आणि तुफानच्याच तोंडून निघून गेलं, "अरे, सांभाळ!" असल्या माणसाला मारायचं तरी कसं?

शेवटी त्याच्याशी बोलायच्या वाक्यांची यादी उघडली तेव्हा तळाशी हवं ते सापडलं. तू आता जा.

त्याने ते दाबलं.

"ठीक आहे," ढालवाला म्हणाला. "पुलापलीकडच्या गिरणीत असेन. लागलो तर या." आणि तो निघाला. झाडांआड दिसेनासा होण्याआधी त्याने एकदा वळून बघितलं. "नाटक्या," असं म्हणून तुफानने टीव्ही बंद केला. केलेलं सगळं खेळ आपला आपण जपून ठेवतो, हे त्याला माहीत होतं. तो शीळ घालत चहाचं आधण ठेवायला गेला.

पाच वाजता ती बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "अगं बाई, हा कुठे गेला?"

तुफान पेपरात तोंड खुपसून बसला. ती चिडेल, लेकीला फोन लावेल, कंटाळून खेळ सोडेल असा त्याचा हिशेब होता. तिने यातलं काही केलं नाही. ती त्याला शोधायला निघाली. तबेला बघितला, खाणावळ बघितली, गढीचा चौक दोनदा बघितला. तो आपल्याला सोडून परत गिरणीत जाऊन बसेल, हे काही तिच्या मनात आलं नाही. हाक मारायला खेळात बटण नव्हतं, म्हणून तोंडानेच म्हणत होती, "कुठे आहेस रे?" दुसऱ्या दिवशी पाच ते सहा हेच. तलवार म्यानात, लढाया पडून राहिलेल्या, आणि ती आपली दारोदार.

तुफानला हे अजिबात सोसवेना. तो ढालवाला होता तेव्हा परवडला, निदान गप्प चालायचा. आता तो घरभर झाला होता. चहा गाळतानासुद्धा ती मधेच थांबायची आणि "ओढ्याकडे बघितलंच नाही" असं स्वतःशी म्हणायची.

"अगं, मी असा हरवलो तर?" त्याने विचारलं. आवाज गमतीचा ठेवला होता.

तिने खरंच विचार केला. "तुम्हाला काय शोधायचं? तुम्ही पुढेच असाल."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर त्याने परतवला असता. आपल्याला असं कुणी दारोदार शोधत फिरणार नाही, हे त्याला कळलं आणि त्या गिरणीत बसलेल्या माणसाचा त्याला इतका हेवा वाटला, की हातातली बशी त्याने जरा जोरातच ठेवली.

तिसऱ्या दिवशी ती गढीमागच्या कबरस्तानात गेली. एकेका दगडापाशी थांबून नाव वाचू लागली. पहिली रांग झाली, दुसरी सुरू केली. मोडलेलं मनगट अजून दुखायचं, ते मधे मधे झटकत होती.

"गिरणीत आहे तो," तुफान म्हणाला.

तिने मान वळवली.

"पुलापलीकडच्या. मी घालवला."

ती परत पडद्याकडे वळली. घोड्यावर बसली, पूल ओलांडला, गिरणीचं दार ढकललं. ढालवाला पोत्यावर बसला होता, तो उठला. "आलात? चला," एवढंच म्हणाला. तीन दिवस कुठे होतात, कशाला घालवलंत, काही विचारलं नाही. ती हसली आणि दोघं बाहेर पडले. तुफान उठून बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

सहा वाजता ती तिथे आली. "कशाला घालवलात त्याला?"

"मला बघवत नाही तो."

"अहो, चित्र आहे ते."

"असू दे. तुझ्याबरोबर चालतो कसा बघ. मला जळायला होतं."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, दोरीवरचा एक वाळलेला शर्ट काढला आणि त्याची घडी घालत आत गेली.

रविवारी दोघं भाजीला निघाले. तुफानने एक पिशवी आपल्याकडे घेतली. फाटकाबाहेर आल्यावर त्याने पाय आवरला, ती शेजारी यावी म्हणून. ती शेजारी आली नाही. त्याने आणखी हळू केलं. मागची पावलंही हळू झाली. त्याने आणखी आवरलं, तीही आवरली. शेवटी भर फूटपाथवर तो उभा राहिला आणि दहा पावलांवर तीही उभी राहिली. लोक दोघांना वळसा घालून जाऊ लागले.

"काय झालं? गुडघा धरला का?" तिने तिथूनच विचारलं.

"नाही गं. तुझ्याबरोबर चालतोय."

"अहो, मला नाही जमत तसं," ती म्हणाली. "तुमची पाठ बघून पाऊल पडतं माझं."

सत्तावीस वर्षं ही बाई त्याच्या शर्टाची शिवण बघत चालली होती.

"मग तू पुढे हो," तो म्हणाला.

ती निघाली. आणि काय चालली! पाठीचं अंतर सांभाळायचं नव्हतं, तशी तिची चाल सुटली. बुजवलेल्या चराच्या उंचवट्यावरून ती सहज पार झाली, पिशवी हलवत, कुणाशी न बोलता. तुफान तुफान म्हणतात तो गडी घामाघूम झाला. मधे दोनतीन माणसं आली आणि ती दिसेनाशी झाली, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो जवळजवळ पळतच कोपऱ्यापर्यंत गेला.

ती कोपऱ्यावर थांबली होती. मागे वळून, त्याच्या वाटेकडे बघत.

"आलात?" ती म्हणाली.

तो धापा टाकत तिच्या शेजारी उभा राहिला आणि पुढच्या शब्दाची वाट बघू लागला. तिने त्याच्या हातातली पिशवी सरळ केली आणि दुकानाकडे वळली. शाब्बास काही ती म्हणाली नाही.