सरड्याची तहान

परदेशात, शुगर लँड गावी प्राण्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक मराठी काका बसले होते. त्यांच्या बाहीला त्यांनी पाळलेला म्हातारा सरडा बिलगला होता. त्याला आता जीभही नीट बाहेर काढता येत नव्हती, म्हणून काका ड्रॉपरने त्याच्या तोंडाशी पाण्याचे थेंब सोडत होते.

समोरची मराठी बाई म्हणाली, "काका, हे फार जगतच नाहीत. नवीन घेऊन टाका ना."

फोनची काच फुटली तरी हळहळणारी माणसं ही. माझं डोकंच फिरलं.

काका मान वर न करता म्हणाले, "आयुष्य कमी म्हणून तहान कमी असते का?"

तेवढ्यात नर्सने काकांना आत बोलावलं. सरड्याचे डोळे मिटलेले होते, पाणी हनुवटीवरून ओघळत होतं.

"थांबा," काका नर्सवर खेकसले, "त्याचं पिऊन झालेलं नाही."