शिंगराची दुसरी आई

आरे कॉलनीतल्या आमच्या तबेल्यात एक घोडी व्याली आणि गेली. शिंगरू मागे राहिलं. घोड्यांची चंदी-वैरण, गाभण घोड्यांची देखभाल, पैदाशीसाठी बाहेरून घोडा कधी आणायचा, सगळं माझ्याकडेच. म्हणून ते शिंगरूही माझ्याच गळ्यात पडलं. खरं सांगते, मला ते फार आवडलं. बाटलीने दूध पाजलं की माझ्या ओढणीचं टोक चोखत मागे मागे फिरायचं. माझ्या पोटच्या मुलीने कधी माझ्यामागे इतकं फिरून दाखवलं नाही.

पण पावडरीचं दूध त्याला पचेना. हगवण लागली, बरगड्या दिसायला लागल्या. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असंच चाललं ना, तर हातचं जाईल. मुलुंडच्या एका तबेल्यात घोडीचं पिल्लू दगावलंय. तिला आण."

घोडी आली. पांढरीशुभ्र, देखणी, भरल्या कासेची. मला बघताक्षणीच आवडली नाही. खस्ता मी खाल्ल्या आणि ही बया आयत्या बिळावर नागोबा! माझं तोंड बघून नवरा म्हणाला, "काय गं, सवत आली वाटतं?" मी चंदीची पाटी त्याच्या हातात आदळली.

घोडीने शिंगरू हुंगलं आणि लाथ झाडली. मला बरं वाटलं. अगदी बरं वाटलं. शिंगरू धावत येऊन मला बिलगलं, तेव्हा त्याच्या बरगड्या हाताला लागल्या आणि माझं बरं वाटणं तिथेच संपलं.

"त्याच्या अंगाला तुझाच वास येतोय गं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिचं दूध काढ आणि त्याच्या अंगाला चोळ. दुसऱ्या कुणाजवळ ते उभं राहणार नाही. आणि मग तू इथे दिसायचं नाहीस, कळलं?"

नवऱ्याने घोडीला धरलं. मी तिचं दूध वाटीत काढलं आणि शिंगराच्या डोक्याला, पाठीला, शेपटीच्या बुडाशी चोळलं. ते शहाण्यासारखं उभं राहिलं. त्याला वाटलं, मी लाड करतेय. माझा वास मीच पुसला आणि पत्र्याआड जाऊन उभी राहिले.

आधी खूर आपटल्याचा आवाज आला. मग नुसती शांतता. मग चुटूचुटू दूध ओढल्याचा आवाज. बाटलीला त्याने असा आवाज कधी काढला नव्हता.

पुढे कित्येक दिवस मी तिकडे फिरकले नाही. नवरा तिकडून यायचा आणि "काय गुबगुबीत झालंय!" सांगायचा. माझ्या पोटात दुखायचं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. तीच ओढणी घेऊन गेले. शिंगरू पुढे आलं, ओढणी हुंगली, आणि वळून घोडीच्या पोटाखाली शिरलं. घोडी आमच्या मध्ये येऊन उभी राहिली. कान मागे पाडून तिने मला दात दाखवले.

"काय झालं गं?" नवऱ्याने मागून विचारलं.

"काही नाही," मी ओढणी सावरत म्हटलं, "जळते मेली माझ्यावर."