बझर थांबला तेव्हा

नववीत मी विज्ञान प्रदर्शनासाठी बिबट्याचा अलार्म केला होता. एका बाजूला खेळण्यातला लेझर, समोर उजेड ओळखणारा सेन्सर, आणि मध्ये काही आडवं आलं की वाजणारा बझर. परीक्षकांनी बोट आडवं घातलं, बझर वाजला, झालं, पहिला नंबर! पुढचं एक अक्षर कुणी विचारलं नाही. त्याचा मला अजून राग येतो.

मग आम्ही तो राजुरीला घरी, ऊस आणि गोठ्याच्या मधल्या वाटेवर लावला. कुत्रं गेलं की टीं, शेळी गेली की टीं. चुलती वैतागायची, "काढ ते, लई डोकं उठवतंय."

एकदा दिवेलागणीला आम्ही दोघी ओट्यावर शेंगा तोडत बसलो होतो. बझर वाजला आणि वाजतच राहिला.

"बिघडलं वाटतं," चुलती म्हणाली.

मी बघायला उठले आणि तिथंच थांबले. शेळ्या गोठ्यात बांधलेल्या होत्या. कुत्रं माझ्या पायाशी अंग चोरून बसलं होतं, भुंकतही नव्हतं. बझर बिघडला नव्हता. वाटेवर काहीतरी येऊन उभं होतं आणि हलत नव्हतं.

मग आवाज बंद झाला.

"गेलं का गं?" चुलतीनं हळूच विचारलं.

मी एकच किरण लावला होता. कुणीतरी आडवं आलं, एवढंच त्याला कळायचं. ते उसात परत गेलं की गोठ्याकडं आलं, हे कळायची सोय मी ठेवलीच नव्हती.